जुनी क्रूझर घ्यायला नायगावला

क्रूझर म्हटले की आपल्या भागातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर वडापची जीप उभी राहते. दहाच्या जागी पंधरा माणसे बसवून तालुक्याला जाणारी. मलाही तीच आठवली. म्हणून पुतण्या जेव्हा म्हणाला, “काका, मला क्रूझर घ्यायची हाय,” तेव्हा मी विचारले, “अरे, नोकरी सोडून वडाप चालवतोस की काय?” तो हसला आणि त्याने मोबाईलवर चित्र दाखवले. लांबट, बुटकी, रुंद हँडलची, पाय पुढे सोडून ऐसपैस बसायची मोटारसायकल. तिलाही क्रूझरच म्हणतात.

वाचकहो, पोराची हौस म्हणून मी हा विषय उडवून लावणार होतो. पण त्याचे कारण ऐकले आणि गप्प झालो. माझ्या वहिनींचे दोन्ही गुडघे गेलेले. पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावाहून कराडला दवाखान्यात महिन्यातून दोनदा जावे लागते. नेहमीच्या मोटारसायकलवर त्यांचा पाय वर जात नाही, आणि एस.टी.च्या पायऱ्या चढताना डोळ्यांत पाणी येते. क्रूझरची बैठक खाली असते आणि मागे पाठ टेकायला टेका असतो. गुडघ्यांमुळे धारा काढणे होईना, म्हणून वहिनींनी म्हैस विकली होती. ते साठ हजार रुपये घरात होते. त्यात नवी गाडी येत नव्हती. जुनीच पाहायची, तर मुंबईत पुष्कळ मिळतात असे कळले, आणि मुंबईत आमचे अण्णा आहेत. म्हशीचे पैसे खिशात घेऊन दिवाळीनंतर आम्ही काका-पुतणे नायगावला निघालो.

नायगाव म्हणजे दादर आणि परळ यांच्या मधला पूर्वेकडचा भाग. वसईजवळचे नायगाव वेगळे, साताऱ्याकडचे सावित्रीबाईंचे नायगाव वेगळे. एस.टी.ने दादर पूर्वेला उतरलात की खोदादाद सर्कलवरून, म्हणजे जुन्या लोकांच्या दादर टी.टी.वरून, डॉ. आंबेडकर रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागावे. हिंदमाताच्या कापडबाजाराच्या अलीकडे-पलीकडे डाव्या हाताला जे रस्ते आत जातात ते नायगावचे. तुमच्यापैकी कित्येकांच्या मुलांनी हा भाग पाहिलेला असेल. सशस्त्र पोलिसांचे मुख्यालय आणि मोठे मैदान येथे आहे, आणि पोलीस भरतीसाठी खेड्यापाड्यांतली पोरे याच मैदानावर धावून गेली आहेत.

अण्णा माझे चुलतभाऊ. गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. अण्णा त्या वेळी तरणेताठे. वर्षभर गावी येऊन नांगर धरला, पुन्हा मुंबई गाठली आणि मिळेल ते काम करून चाळीतली खोली टिकवली. बी.डी.डी. चाळी इंग्रजांच्या काळात, १९२० च्या दशकात बांधलेल्या. एका इमारतीत ऐंशी खोल्या, एकेक खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास सामाईक. नायगावात अशा बेचाळीस इमारती होत्या. २०१७ साली पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. आता जुन्या चाळी जाऊन त्या जागी उंच इमारती येत आहेत. गिरणीच्या चिमणीऐवजी काचेचे मनोरे दिसतात. पण गावाकडचा माणूस आला की चहा आधी आणि चौकशी मागाहून, ही रीत अजून आहे.

रात्री अण्णांना बेत सांगितला. ते म्हणाले, “पुसेगावच्या यात्रेत बैल घेताना काय करतोस?”

मी म्हणालो, “दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो.”

“मग हितंबी तेच करायचं. शिंगाला लावलेला रंग बघायचा न्हाई.”

आता आधी कोणती गाडी पाहायची ते सांगतो. आपल्याकडे या जातीच्या गाड्या फार जुन्या नाहीत. बजाजने २००१ साली कावासाकीच्या जोडीने एलिमिनेटर आणली. तिचेच पुढचे रूप म्हणजे २००५ ची ॲव्हेंजर. २०१० पासून तिला २२० सी.सी.चे इंजिन आले. रॉयल एनफील्डने २००२ साली थंडरबर्ड काढली, आणि २०२० साली तिची जागा मीटिऑरने घेतली. थंडरबर्ड दणकट, पण वजन दोन क्विंटलला थोडे कमी. चिखलात आडवी झाली तर एकट्याला उचलत नाही. ॲव्हेंजर त्यापेक्षा हलकी, आणि तिची बैठक जमिनीपासून जेमतेम २९ इंच. वहिनींच्या गुडघ्यांना हीच बरी, असे ठरले.

एक गोष्ट मात्र घरीच विचार करून ठरवावी. क्रूझर लांब आणि बुटकी असते. डांबरी रस्त्यावर तिच्यासारखे सुख नाही, पण बांधावरून, चाकोरीतून, ओढ्याच्या दगडांतून ती पोटावर घासते. दुधाचे कॅन अडकवायला आणि वैरणीचा भारा बांधायला ती नव्हे. तुमचे काम शेतातले असेल तर साधी शंभर-सव्वाशे सी.सी.ची गाडी घ्या आणि हा लेख इथेच ठेवून द्या. आमच्या वाड्यापासून कराडपर्यंत डांबर आहे, म्हणून आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी पाहिली. एका गल्लीत गॅरेजवाल्याने उभी करून ठेवलेली. काळीभोर, पॉलिश केलेली, नवे सीट कव्हर, नवे हँडग्रिप. किलोमीटरचा आकडा अवघा चौदा हजार. किंमत अडुसष्ट हजार. पुतण्याचे डोळे लकाकले. बटण दाबताच गाडी चालू झाली. अण्णांनी बरोबर त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री आणला होता. त्याने गाडी चालू होण्याआधीच इंजिनापाशी हात नेला होता. इंजिन गरम होते. आम्ही यायच्या आधी कुणीतरी ती चालवून तापवून ठेवली होती.

वाचकहो, ही पहिली खूण लक्षात ठेवा. तापलेले इंजिन कुणाचेही चालू होते. रोगी इंजिनाचा रोग थंडपणी दिसतो. मालकाला आदल्या दिवशीच सांगावे, “मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” गेल्यावर आधी हात लावून पाहावे. तापलेली असेल तर चहा प्यायला जावे आणि दोन तासांनी यावे. ॲव्हेंजर २२० ला किक नसते, बटणावरच सुरू होते. म्हणून बॅटरी आणि स्टार्टर थंडीतच पारखायला हवेत. बटण दाबल्यावर नुसते कटकट वाजले तर बॅटरीचा खर्च धरून चालावे.

मिस्त्रीने दुसरी गोष्ट केली. त्याने पुढच्या दिव्याच्या काचेत विजेरी मारली. काचेच्या आतल्या अंगाला चिखलाची बारीक साय धरलेली होती. मग सीट काढायला लावले. वायरींच्या जुडग्यात वाळलेला गाळ, आणि जोड जिथे होते तिथे हिरवा गंज. गाडी बुडालेली होती.

इथे नायगावची जमीन समजून घ्यायला हवी. हिंदमाताचा परिसर बशीसारखा खोलगट आहे. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकदम आली की पाणी तिथे तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. आपल्या दुष्काळी माण-खटावात दोन वर्षे मिळूनही एवढा पडेलच असे नाही. महापालिकेने हिंदमाताचे पाणी साठवायला परळच्या आणि दादरच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. तरी रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाड्यांपैकी कुठली कधी पाण्यात उभी राहिली होती, हे मालकाखेरीज कुणाला ठाऊक? बुडालेली गाडी पुसून, तेल बदलून चालू होते. महिन्या-दोन महिन्यांनी वायरिंग कुरतडू लागते, बेअरिंग वाजू लागतात. आणि ते सुरू होते ते आपल्या घाटात, रात्री.

म्हणून दिव्याच्या आत, सीटखाली आणि टूलबॉक्सच्या कोपऱ्यात गाळ पाहावा. इंजिनाचे ऑइल दह्याच्या निवळीसारखे किंवा दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. पेट्रोलच्या टाकीत विजेरी मारून गंज पाहावा. मात्र झाकण उघडल्यावर काडी ओढू नये, हे सांगायला नको. मुंबईची हवा खारी. सायलेन्सरचे पोट, चाकांचे आरे आणि चेसीच्या खालच्या नळ्या हात फिरवून तपासाव्यात.

आम्ही ती गाडी सोडली. पुतण्या नाराज झाला. “फकस्त चौदा हजार चालली हुती,” म्हणाला.

तेव्हा मिस्त्रीने जे सांगितले ते मला फार पटले. तो म्हणाला, “ट्रॅक्टर घेताना तुम्ही काय पाहता? तास पाहता ना? मग इथेही तासच पाहा.” मुंबईत दादरहून परळला जायला कधी कधी अर्धा तास लागतो. अंतर दोन-तीन किलोमीटर, पण इंजिन अर्धा तास चालले, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबत सोडत. गावाकडची वीस हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि मुंबईतली वीस हजार चाललेली गाडी सारख्या नव्हेत. शिवाय आकडा मागे फिरवणारे लोकही आहेत. तेव्हा आकडा बाजूला ठेवून झीज पाहावी. पायाखालचे रबर, ब्रेकच्या पायटाची कड, गिअरच्या दांड्याचे टोक, किल्लीचे भोक, या गोष्टी खोटे बोलत नाहीत. आकडा चौदा हजार आणि ब्रेकचा पायटा झिजून चकचकीत, असे दिसले तर काय समजायचे ते समजा.

दुपारी दुसरी गाडी पाहिली. मालक पोलीस खात्यातले निवृत्त हवालदार. २०१७ ची ॲव्हेंजर २२० क्रूझ, एकतीस हजार किलोमीटर. अंगावर धूळ, टाकीला एक पोचा. पण इंजिन थंडगार, आणि मालकाच्या हातात सर्व्हिसिंगच्या पावत्यांची पिशवी. किंमत पंचावन्न हजार.

मिस्त्रीने तिला तासभर पाहिले. तो जे करत होता ते क्रमाने सांगतो. गाडी पाहायला गेलात तर तुम्हीही याच क्रमाने पाहा.

थंड इंजिन सुरू केले आणि सायलेन्सरकडे पाहिले. सकाळच्या गारठ्यात थोडी पांढरी वाफ आली आणि गेली तर काळजी नाही. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे, रिंगांचा किंवा वॉल्व्हच्या सीलचा खर्च आला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, तो बहुधा कार्बोरेटरच्या दुरुस्तीने जातो. मग कान दिला. वरच्या बाजूची हलकी टिकटिक टॅपेटची, ती स्वस्तात जाते. बाजूने साखळी खडखडावी तसा आवाज टायमिंग चेनचा. पण पोटातून धडधड ठोका आला तर कनेक्टिंग रॉडचे काम निघते. ती गाडी फुकट मिळाली तरी महाग.

नंतर चेसी. हँडल जिथे बसते त्या मानेपाशी तडा, नवा वेल्डिंगचा टाका किंवा तेवढ्याच जागी नवा रंग दिसतो का ते पाहिले. पुतण्याला सरळ चालवायला सांगून स्वतः मागे उभा राहिला. मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत धावते की तिरपे, ते मागून दिसते. मग पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश फिरवले. मध्यावर अडकले तर बॉल रेसर गेले. या गाडीचे ते ठीक होते, पण पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ होता. चेन मागच्या चक्राच्या शेवटच्या टोकाला धरून ओढली, तर ती दातांवरून बरीच वर उचलली गेली. चेन आणि चक्रे बदलायला आली होती.

टायरवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मागचा टायर गाडीच्याच वयाचा निघाला. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक होऊन बारीक चिरा पडलेल्या. असा टायर ओल्या रस्त्यावर घसरतो.

शेवटी चालवून पाहिले. एकट्याने, मग मागे माणूस बसवून. सगळे गिअर पडतात का, न्यूट्रल सापडते का, क्लच सोडल्यावर इंजिन नुसते ओरडते की गाडी पळते, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का. वीस मिनिटे चालवून, तापल्यावर बंद करून पुन्हा सुरू केली. झटक्यात झाली.

मिस्त्री म्हणाला, “शॉकअपचे सील, चेन-चक्रे आणि एक टायर. इंजिनाला हात लावायचे कारण नाही.” तो खर्च दाखवून आम्ही अठ्ठेचाळीस हजारांवर आलो. आणखी एक बोलला. ही कार्बोरेटरची गाडी आहे, तुमच्या तालुक्यातला मिस्त्रीही उघडू शकेल. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत बहुतेक इंजेक्शन आले. ते चांगलेच, पण बिघडले तर यंत्र लावून पाहावे लागते. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते आपल्याच उसाचे, मक्याचे, म्हणून आनंद आहे. पण जुन्या गाड्यांची रबरी नळी आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नसतात, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. जुनी गाडी घेतली की पेट्रोलची नळी बदलावी, आणि टाकी भरून महिनोन् महिने गाडी उभी ठेवू नये.

पुतण्याने खिशात हात घातला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “कागद दाखवा.”

चेसी नंबर आणि इंजिन नंबर आर.सी.शी ताडून पाहिले, जुळले. विमा होता, पी.यू.सी. होते. पण आर.सी.वर बँकेचा बोजा अजून होता. हवालदारांनी कर्ज कधीच फेडले होते, पण बोजा उतरवायचे राहून गेले होते. माणूस सच्चा होता, याबद्दल मला शंका नाही. तरी अण्णांनी पैसे देऊ दिले नाहीत. “सातबाऱ्यावर बोजा असलेली जमीन घेशील का?” एवढेच त्यांनी विचारले. आम्ही रिकाम्या हाताने परतलो. पुतण्या एस.टी.त माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तीन आठवड्यांनी हवालदारांचा फोन आला. बँकेचा दाखला आणि नमुना ३५ देऊन बोजा उतरला होता. आम्ही पुन्हा गेलो. हस्तांतराचे नमुना २९ आणि नमुना ३० यांवर सह्या झाल्या. पैसे बँकेतून दिले. गाडी ताब्यात घेतल्याच्या चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळही लिहिली, म्हणजे आधीचा दंड त्यांचा, नंतरचा आपला. न भरलेले चलन किती आहे ते सरकारी परिवहन ॲपवर आधीच पाहून घ्यावे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यातली किती उरली तेही पाहावे. त्यानंतर पुन्हा तपासणी आणि पर्यावरण कर येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटीही बसवावी लागते.

गाडीचे काम नायगावातच करून घेतले. म्हशीच्या पैशांतून ठरवून बाजूला ठेवलेले बारा हजार होते, त्यात ते भागले. जुन्या गाडीला गेलात तर सगळे पैसे किमतीत घालू नका, पाचातला एक हिस्सा दुरुस्तीला ठेवा. परत येताना अटल सेतू आणि द्रुतगती महामार्ग दुचाकीला बंद, म्हणून चेंबूर, वाशी, पनवेल करत जुन्या रस्त्याने खोपोलीचा घाट चढलो. घाटमाथ्यावर थांबून मी इंजिनाखाली वाकून पाहिले. थेंबभरही तेल गळत नव्हते. तेव्हा कुठे पुतण्या हसला.

वहिनी त्या गाडीवर पहिल्यांदा बसल्या तेव्हा अंगणात सगळी आळी जमली होती. एका हाताने पुतण्याच्या खांद्याला धरून त्या बसल्या, पाय टाकताना चेहरा वाकडा झाला नाही. “माझी म्हस लई गुणाची हुती,” एवढेच म्हणाल्या. आता महिन्यातून दोनदा त्या कराडला जातात. गाडीने अजून रस्त्यात सोडलेले नाही.

तेव्हा मंडळी, शहरात जुनी गाडी घ्यायला जाल तर तीन सोबती घेऊन जा. एक विजेरी, एक जाणता मिस्त्री, आणि नाही म्हणायची तयारी असलेले घरातले एक वडीलधारे माणूस. मिस्त्रीला त्याची मजुरी आनंदाने द्या. आमच्या मिस्त्रीला पाचशे रुपये दिले आणि गावचा इंद्रायणी तांदूळ दिला. त्याने अडुसष्ट हजारांची चूक वाचवली होती.